जलरंग आणि कोलाज जमतं, पण अमूर्त चित्राकडे कसं वळायचं?

भारतीय अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची चित्रं आधी निवांत बघा. त्यांच्या सुरुवातीच्या जलरंगांवर पॉल क्ली या स्विस-जर्मन चित्रकाराचा प्रभाव दिसतो. पुढे तैलरंग, रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरवायची बोथट सुरी) आले. ओल्या रंगावर ते कागदाचे तुकडे दाबून उचलायचे. म्हणजे कागद चिकटवायचा नाही, त्याचा फक्त ठसा ठेवायचा! मला तर यात कोलाज आणि अमूर्त चित्र एकत्र येताना दिसतं.

तुम्ही ३०० जीएसएमच्या (म्हणजे जाड) कागदावर पातळ वॉश, म्हणजे भरपूर पाणी घातलेल्या रंगाचा थर, द्या आणि पाण्याची चकाकी ओसरत आली की फाडलेला टिश्यू दाबून उचला. कात्री नको, फाटक्या कडेचा ठसा जास्त जिवंत येतो. आकार आधी ठरवूनही बसू नका. वर्तमानपत्र चिकटवणार असाल तर ते पुढे पिवळं पडणार, हे धरूनच रंग निवडा.