वाचकांचे प्रश्न : 'डिसगाया' हसवतो की दमवतो?

मागील अंकात 'डिसगाया' या जपानी व्हिडिओ-खेळमालिकेचा मी दोन ओळींत उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांत एकमत असे नाहीच. कोणी या खेळावर जीव टाकणारे आहेत, तर कोणी तो अर्ध्यावर सोडून दिलेले. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'निप्पॉन इची सॉफ्टवेअर' या कंपनीने २००३ मध्ये प्लेस्टेशन २ साठी याचा पहिला भाग काढला. बुद्धिबळाच्या पटासारख्या घरांच्या नकाशावर आपली पात्रे आणि शत्रू आळीपाळीने चाली करतात, लढून अनुभव मिळवतात आणि त्यांची लेव्हल वाढत जाते. कथा घडते ती पाताळात, आणि नायक आहे तेथील राजपुत्र लहार्ल.

प्रश्न : माझ्या दोन मित्रांपैकी एक म्हणतो की याच्याइतका हसवणारा खेळ त्याने खेळलेला नाही, आणि दुसरा म्हणतो की तीच तीच लढाई पुन्हा पुन्हा करून तो कंटाळून गेला. मी कोणावर विश्वास ठेवावा?

उत्तर : दोघांवरही ठेवा, कारण एकाच नावाखाली असलेल्या दोन निराळ्या खेळांविषयी ते बोलत आहेत. पहिल्या भागाची मूळ कथा संपवायला आपली पात्रे साधारण शंभराच्या आसपासच्या लेव्हलची असली तरी निभावते. पण लेव्हलची कमाल मर्यादा आहे ९९९९. म्हणजे कथा संपते तेव्हा आपण त्या शिडीचा जेमतेम शंभरावा हिस्सा चढलेलो असतो. उरलेली शिडी ज्यांना चढायची आहे त्यांच्यासाठी खेळाने एक अवाढव्य कारखाना उभा केला आहे. पात्राचा पुनर्जन्म घडवून त्याला पुन्हा पहिल्या लेव्हलवर आणता येते, आणि मागील जन्माची काही पुण्याई घेऊन ते आधीपेक्षा बलवान होऊन वाढते. प्रत्येक वस्तूच्या आत एक जग असते, ज्याला 'आयटम वर्ल्ड' म्हणतात. साध्या तलवारीच्या किंवा अगदी च्युइंगगमच्या गोळीच्या पोटात ३० मजले, दुर्मीळ वस्तूत ६०, आणि अतिदुर्मीळ वस्तूत १००. जितके मजले आपण उतरतो तितकी ती वस्तू अधिक कामाची होते. बाहेर काढणारी खास वस्तू जवळ नसेल तर दर दहा मजल्यांनंतरच बाहेर पडण्याची वाट मिळते, त्यामुळे नवव्या मजल्यावर जीव मेटाकुटीला आलेल्या तुकडीला घेऊन पुढे जायचे की नाही हा विचार करण्याची सोय उरत नाही, जावेच लागते. ती धाकधूक मला आजही आवडते.

तुमच्या दुसऱ्या मित्राचे काय झाले असेल याचा मला अंदाज आहे. जुने, जाणते खेळाडू नवख्याला पहिल्याच आठवड्यात सांगतात की आधी लेव्हल वाढवून घे, अमुक नकाशा शंभर वेळा खेळ, मग कथेकडे वळ. हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो, हे मान्य. पण त्याने नुकसानच होते. जेवण वाढण्याआधीच भांडी घासायला बसवावे, तसे ते आहे. मित्राला सांगा की लेव्हलचा विचार मनातून काढून टाकून कथेचे भाग ओळीने खेळावेत, आणि जिथे सलग दोनदा हार होईल तिथेच मागे येऊन थोडी तयारी करावी. त्यानंतरही कंटाळा आला तर हा खेळ त्याचा नव्हे, आणि त्यात त्याचे काही चुकले असेही नव्हे.

प्रश्न : यातील विनोद म्हणजे लढायांच्या मध्ये येणाऱ्या संवादांतील चेष्टामस्करी, एवढेच का? तसे असेल तर संवाद वगळून खेळणारे काहीच गमावत नाहीत असे मला वाटते.

उत्तर : आपल्या पत्रातील हा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण मी या खेळाच्या प्रेमात पडलो तो नेमका याच्या उलट कारणाने. संवाद विनोदी आहेतच. दोन वर्षांच्या झोपेनंतर लहार्ल शवपेटीतून उठतो, तेव्हा शेजारी त्याची सेविका एटना उभी असते आणि तिच्या भोवती नाना प्रकारची शस्त्रे पडलेली असतात. आपण त्याला जागे करत होतो, असे ती सांगते. पण खरा विनोद नियमांत मुरलेला आहे. पुढे एक ऐटबाज शत्रू स्वतःची भारदस्त ओळख करून देतो, लहार्ल त्याला तिथल्या तिथे 'मिड-बॉस', म्हणजे मधल्या टप्प्यावरचा किरकोळ खलनायक, ठरवून टाकतो, आणि त्या क्षणापासून खेळाच्या माहितीपट्टीवरही त्याचे नाव तेच दिसू लागते. तो तळमळून निषेध करतो, पण नाव बदलत नाही. संवाद वगळणाऱ्याला हे कळणार कसे?

पाताळातील विधिमंडळाचे उदाहरण तर त्याहून सरस आहे. दुकानात चांगला माल हवा, नवीन प्रकारचे पात्र हवे, शत्रू अधिक बलवान हवेत, अशा प्रत्येक गोष्टीसाठी तेथे ठराव मांडावा लागतो. सदस्यांचे आपल्याविषयीचे मत आधीच दिसते. कोणी अनुकूल, कोणी कट्टर विरोधी, आणि काही चक्क झोपलेले. मतदानापूर्वी त्यांना वस्तू देऊन वळवता येते. इतके करून ठराव फेटाळला गेला, तर विरोधी सदस्यांशी तिथेच लढून तो मंजूर करून घेण्याचा पर्याय समोर येतो. मी पहिल्यांदा तो पर्याय वाचला तेव्हा मोठ्याने हसलो, आणि लगेचच त्या सदस्यांची लेव्हल माझ्या पात्रांच्या कितीतरी पट आहे हे पाहून गप्प झालो. येथे हसू आणि डावपेच वेगळे काढता येत नाहीत. लाच कोणाला द्यायची हा विनोद आहे आणि हिशेबही आहे.

प्रिनींचेही तसेच. पापी माणसांचे आत्मे पेंग्विनसारख्या दिसणाऱ्या कातड्यात शिवून त्यांच्याकडून प्रायश्चित्त म्हणून राबवून घेतले जाते, ते हे प्रिनी. लढाईत प्रिनीला उचलून फेकले की तो फुटतो आणि आजूबाजूच्या सर्वांना इजा करतो. खेळाडू त्यावर पोट धरून हसतात, आणि नंतर कथेत लाल चंद्राची रात्र येते, ज्या रात्री प्रायश्चित्त पुरे झालेले आत्मे पुनर्जन्मासाठी निघून जातात. ज्यांना आपण तास न् तास दगडासारखे भिरकावले त्यांना निरोप देण्याचा तो प्रसंग आहे. तेथे नेमके काय घडते हे मी सांगणार नाही, पण आधी मनसोक्त हसवले नसते तर तो प्रसंग इतका आत शिरला नसता, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : रंगीत घरांच्या नकाशांवर मी अडकलो आहे. शत्रूला कितीही मारले तरी त्याला काहीच होत नाही. लेव्हल वाढवणे हाच उपाय आहे का?

उत्तर : नाही, आणि कृपया त्यासाठी एक तासही खर्च करू नका. रंगीत घरांवर कुठेतरी पिरॅमिडच्या आकाराचा एक खडा दिसेल. त्याला 'जिओ सिम्बॉल' म्हणतात. तो ज्या रंगाच्या घरावर असतो, त्या रंगाच्या सर्व घरांना त्याचा गुण लागू होतो. तुमच्या वर्णनावरून त्या खड्याचा गुण 'अभेद्यता' हा असणार, त्यामुळे त्या घरांवर उभ्या असलेल्या कोणालाच इजा होत नाही, आणि खडाही त्याच रंगावर असेल तर तोही फुटत नाही. अशा वेळी त्याला मारत बसू नका, उचला. पात्राला खड्याशेजारच्या घरात न्या, तो उचला आणि बिनरंगी घरावर फेकून द्या. त्याच क्षणी अभेद्यता नाहीशी होते.

खडा दूर असेल तर आपल्याच माणसाला उचलून फेकायचे. फेकल्या गेलेल्या पात्राची स्वतःची चाल खर्च होत नाही, म्हणून ते जिथे पडेल तेथून पुढे चालू शकते आणि पोहोच जवळजवळ दुप्पट होते. मात्र राक्षसी पात्रे कोणाला उचलू शकत नाहीत, त्यामुळे तुकडीत मनुष्यरूपी पात्रे पुरेशी ठेवा. शत्रूला शत्रूवर फेकू नका, कारण ते दोघे एक होऊन त्यांच्या लेव्हलची बेरीज होते. अर्थात अनुभव कमवायचा असेल तर जाणते खेळाडू हेच मुद्दाम करतात. खडा फोडता येण्यासारखा असेल, तर तो फोडताच त्याच्याखालच्या रंगाची सर्व घरे खड्याचा रंग घेतात आणि त्यांवर उभ्या असलेल्या सर्वांना, आपल्यांनाही, मार बसतो. त्या घरांवर दुसरा खडा असेल तर तोही फुटतो आणि साखळी पुढे जाते. एकाच फटक्यात सगळा नकाशा रंग बदलत जातो ते पाहणे हा या खेळातील निखळ आनंद आहे.

प्रश्न : सहाव्या भागात लढाई आपोआप होते, म्हणून जुने खेळाडू नाराज आहेत. वेळ वाचत असेल तर त्यात वाईट काय?

उत्तर : आपोआप लढण्याची सोय वाईट नाही, आणि नोकरीधंदा सांभाळून खेळणाऱ्या कितीतरी जणांनी २०२१ च्या त्या भागाचे स्वागत याच कारणासाठी केले. माझी तक्रार आकड्यांविषयी आहे. तेथे लेव्हलची मर्यादा ९,९९,९९,९९९ करण्यात आली. पहिल्या भागात माझ्या पात्राचा फटका शंभरावरून हजारावर गेला तेव्हा त्यामागे मी वस्तूच्या पोटात घालवलेली रात्र होती, आणि ती मला आठवत होती. आकडा वाचायलाच थांबावे लागते तेव्हा वाढ जाणवत नाही, आणि ती यंत्राने माझ्या माघारी केलेली असेल तर आठवतही नाही. हाताने काढलेल्या चित्रांऐवजी आलेल्या त्रिमितीय आकृती आणि कमी झालेले पात्रांचे प्रकार यांबद्दलची नाराजी मला रास्त वाटते. २०२३ च्या सातव्या भागात मर्यादा पुन्हा ९९९९ वर आली, आणि आपोआप लढण्यासाठी साठवलेले इंधन खर्च करावे लागते. सोय आहे, पण मोजून मापून आहे; मला हा तोडगा पटला.

प्रश्न : सुरुवात कोणत्या भागाने करावी?

उत्तर : पहिल्यापासून सातव्यापर्यंतच्या प्रत्येक भागाची कथा स्वतंत्र आहे, त्यामुळे क्रम पाळण्याचे बंधन नाही. डावपेचांची सफाई हवी असेल तर २०१५ चा पाचवा भाग घ्या. त्याची कथा मात्र मला तितकी धरून ठेवू शकली नाही. रक्त न पिण्याचे वचन पाळण्यासाठी सार्डिन मासे खाऊन राहणारा व्हॅल्व्हाटोरेझ हा पिशाच्च-नायक भेटावा असे वाटत असेल तर चौथा. पण विनोदासाठीच येत असाल तर पहिलाच, आणि त्यात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एटना पुढील प्रकरणाची जी झलक दाखवते ती घाईने वगळू नका. तिने सांगितलेले पुढे काहीही घडत नाही.