शेजारच्या काकांची पेन्शन आणि आपली मजुरी

भांडुपच्या प्लंबर दादांनी विचारलंय: वय 38, स्वतःचा धंदा, शेजारचे काका सरकारी खात्यातून निवृत्त होऊन घरबसल्या महिना 40 हजार घेतात. टॅक्स आपणही भरतो, मग आपल्याला काय? ही पेन्शन बंदच करायला हवी, असंही त्यांनी लिहिलंय.

मी परळ भागात वायरमन आहे, धाकटा भाऊ राज्य सरकारच्या नोकरीत. हा वाद आमच्या घरातलाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काकांची पेन्शन म्हणजे खैरात नव्हे. 1982 साली नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, आधी केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे. नोकरीत असताना त्यांच्या कामाच्या मोलात म्हातारपण धरलेलं होतं. शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता, आणि पश्चात काकूंना कुटुंब निवृत्तिवेतन. शिवाय ही जुनी पेन्शन आता सगळ्यांना नाही. राज्यात 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना ती मिळाली नाही, माझा भाऊ त्यातलाच. मार्च 2023 चा राज्यभरचा संप त्यासाठीच झाला होता. आणि त्याच कचेऱ्यांत कंत्राटावर झाडू मारणाऱ्या बाईला यातलं काहीच नाही, तिचं नाव या वादात कोणी घेत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आपलं दुखणं असं की आपल्या रेटमध्ये म्हातारपण धरलेलंच नसतं. नळ बदलायचे इतके, गीझर बसवायचे इतके. त्यात आजचा दिवस निघतो, हेल्परचा पगार निघतो, लोकलचा पास निघतो. साठीनंतर गुडघे दुमडून बेसिनखाली शिरता येणार नाही, त्या वर्षांचे पैसे कोणत्याच बिलात नसतात.

हे बदलता येतं, आणि याच मुंबईत ते झालेलं आहे. माथाडी कामगारांचा तरी एक मालक कुठे होता? आज या व्यापाऱ्याची गोणी, उद्या त्याची. तरीही 1969 च्या माथाडी कायद्याने मंडळं आणली. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरावीक जादा रक्कम, मंडळात भरायची, आणि त्यातून हमालाला भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी. अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी माणसं उभी केली होती. घरोघरच्या गिऱ्हाइकाकडून लेव्ही घेणं अवघड आहे हे मान्य, पण हाउसिंग सोसायट्या, इंटिरिअरचे ठेकेदार आणि आपल्याला कामं देणारी ॲप यांच्याकडून का नाही? 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम कामगारांच्या निधीत द्यायची तरतूद आहेच. काकांचं काढून घ्या म्हणण्यापेक्षा आपण हे मागू या. काकांची पेन्शन थांबली तरी तुमच्या हातात एक रुपया यायचा नाही.

तोवर स्वतःची लेव्ही स्वतः कापा. मालाचे पैसे बाजूला काढून जी मजुरी उरते, तिचा दहावा हिस्सा त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाका. घरी नेऊन मग उरलं तर टाकू म्हटलं की काहीच उरत नाही. हे पैसे पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, जाऊ द्या: वर्षाला 500 पासून दीड लाखापर्यंत, महिन्याचा ठरावीक हप्ता नाही, त्यामुळे कामं कमी असली की कमी भरता येतं. उद्या धंद्यात देणं झालं तरी कोर्टाला त्यावर जप्ती आणता येत नाही. आपल्यासारख्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

जोडीला सरकारची अटल पेन्शन योजना. साठीनंतर महिना 5000, तुमच्यामागे वहिनींना तेवढीच. पण ही रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. वर्षाला 6 टक्के महागाई धरली तर 22 वर्षांनी त्या 5000 ची किंमत आजच्या 1400 च्या आसपास भरेल, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबू नका. तुम्ही टॅक्स म्हणता तो मालावरचा जीएसटी असेल तर हरकत नाही, आयकर भरत असाल तर मात्र ऑक्टोबर 2022 पासून हे खातं उघडता येत नाही. मग एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना घ्या, ते 2009 पासून सगळ्या नागरिकांना खुलं आहे.

आयकर भरत नसाल तर याच आठवड्यात बँकेत जा. 38 व्या वर्षी 5000 च्या पेन्शनसाठी महिन्याला 1196 रुपये लागतात, 39 ला 1318, आणि चाळिशी ओलांडली की अर्जच घेत नाहीत.