‘फाइन’ या शब्दाविषयी, एका नव्या अनुवादकास

प्रिय अभ्यासक मित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

हवेच्या प्रदूषणावरील लेखाचा तू केलेला अनुवाद आणि सोबतचे पत्र मिळाले. तुझी वाक्ये मराठी वळणाची आहेत, याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र तिसऱ्या परिच्छेदात ‘फाइन पार्टिकल्स’साठी तू ‘उत्तम प्रतीचे कण’ असे लिहिले आहेस, आणि पत्रात ‘फाइन’चे चाळीसेक समानार्थी शब्द उतरवून त्यांतले कोणते पाठ करावेत असे विचारले आहेस. चूक आणि प्रश्न या दोन्हींचे मूळ एकच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्या कणांविषयी तो लेख आहे, त्यांचा व्यास 2.5 मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाइतका. इतके सूक्ष्म असल्यामुळेच ते फुफ्फुसांत खोलवर पोहोचतात आणि म्हणूनच घातक ठरतात. त्यांना ‘उत्तम’ म्हटल्यावर वाचकाला नेमका उलटा बोध होईल. येथे ‘सूक्ष्म कण’ हाच शब्द हवा.

आता एकाच शब्दात ‘बारीक’, ‘उत्तम’ आणि ‘दंड’ हे तीन अर्थ कसे नांदतात, ते पाहू. लॅटिनमध्ये ‘फीनिस’ म्हणजे शेवट किंवा सीमा. त्यापासून निघालेले शब्द फ्रेंचमधून 13व्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत रुळले. जे काम शेवटापर्यंत नेले, ज्यात आणखी काही करायचे उरले नाही, ते ‘फाइन’. आपण ज्याला सफाईदार काम म्हणतो, तेच. ज्या धातूतील हीण काढून टाकले तोही ‘फाइन’, आणि म्हणून सोन्याची शुद्धता सांगताना आजही याच शब्दापासून बनलेला ‘फाइननेस’ वापरतात. हजार भागांत 999 भाग सोने असेल, तर ते जवळजवळ निर्भेळ. सफाईच्या कामात नाजूकपणा येतो, नाजूकपणातून बारीकपणा येतो, आणि अशा रीतीने सूत, वाळू, धूळ, पावसाची भुरभूर यांनाही हे विशेषण लागू झाले. दंडाचा अर्थ त्याच मुळाच्या दुसऱ्या फांदीवर आहे. वादाचा शेवट करण्यासाठी, म्हणजे आपल्या भाषेत तो निकालात काढण्यासाठी, जी रक्कम द्यावी लागे, तिला ‘फाइन’ म्हणत, आणि पुढे ती शिक्षेची रक्कम झाली. ‘फिनिश’, ‘फायनल’, ‘डिफाइन’ हे शब्दही याच घराण्यातले आहेत, आणि ‘फायनान्स’सुद्धा, कारण त्याच्या मुळाशी देणे फेडून व्यवहार संपवण्याची कल्पना आहे. हा इतिहास परीक्षेसाठी लक्षात ठेवायचा नाही. पण तो एकदा मनात बसला, की हे अर्थ विखुरलेले वाटत नाहीत.

आपल्या ‘बारीक’कडे या दृष्टीने पाहा. बारीक दोरा, बारीक नजर, बारीक ताप, बारीक आवाज, बारीकसारीक कामे, या प्रत्येक ठिकाणी शब्द तोच आहे, पण सोबत बदलली की अर्थ बदलतो, आणि तुला तो कोणी शिकवावा लागला नाही. ‘बारीक फरक’ याला इंग्रजीत ‘फाइन डिस्टिंक्शन’ म्हणता येते, म्हणजे तेथे दोन्ही भाषा बरोबरीने चालतात. परंतु आजारपणानंतर कोणी बारीक झाला, तर त्याला इंग्रजीत ‘फाइन’ म्हणता येत नाही, कारण माणसाला हा शब्द लावला की तो त्याच्या प्रकृतीविषयी किंवा गुणांविषयी बोलतो.

म्हणूनच तुझी चाळीस शब्दांची यादी मला धोक्याची वाटते. त्यात ‘थिन’, ‘एक्सलंट’, ‘पेनल्टी’ आणि ‘ओके’ एकाखाली एक आले आहेत. हे शब्द एकमेकांचे कोणीही लागत नाहीत, त्यांतला प्रत्येक ‘फाइन’च्या एकेका अर्थाचा शेजारी आहे. शिवाय एकाच अर्थाच्या शेजाऱ्यांतही अंतर असते. ‘थिन’ धागा कदाचित कच्चाही असेल, ‘फाइन’ धाग्यात मात्र बहुधा कसबाची जाणीव असते. ‘पेनल्टी’ पैशांची असेलच असे नाही, ती खेळातील गुणांचीही असू शकते. ‘फाइन’ मात्र रकमेचाच असतो. पीटर मार्क रॉजे या निवृत्त वैद्याने 1852 साली आपला प्रसिद्ध पर्यायकोश छापला, तेव्हा त्याने शब्द अकारविल्हे लावले नाहीत, तर कल्पनांनुसार सुमारे हजार गटांत मांडले. त्यामागचा हेतू असा होता की, मनात कल्पना आहे पण शब्द सुचत नाही, अशा लेखकाला तो सापडावा. ज्याला शब्द ठाऊक आहेत त्याला आठवण करून देणारे ते साधन आहे, आणि अनोळखी शब्द त्यातून थेट उचलून वाक्यात बसवणे मला मान्य नाही.

बोलण्यातील ‘फाइन’ तर आणखी जपून हाताळावा लागतो. कोणी विचारले, ‘तुम्हाला मदत हवी का?’, आणि उत्तर आले, ‘आय ॲम फाइन’, तर तेथे प्रकृतीची चौकशी झालेली नसते. ‘नको, माझे भागते आहे’ असा तो सौम्य नकार असतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात हे न कळल्यामुळे मी एका परदेशी सहकाऱ्याला पुन्हा पुन्हा मदत देऊ करत राहिले, आणि तो अवघडून गेला. ते मला आजही बोचते, कारण माझ्याजवळ शब्दाचा अर्थ होता, पण प्रसंग वाचण्याची सवय नव्हती. त्याचप्रमाणे वादाच्या शेवटी तुटकपणे उच्चारलेले ‘फाइन’ म्हणजे ‘छान’ नव्हे, तर ‘बरं, तुमचेच खरे’ असा संवाद तोडणारा शब्द असतो. कथेचा अनुवाद करशील तेव्हा संवादाचा सूर ओळखूनच मराठी शब्द निवड.

यादी बाजूला ठेव आणि वहीत पूर्ण वाक्ये उतरव: प्रत्येक वाक्यात ‘फाइन’ असावा, त्याच्या शेजारचे नाम अधोरेखित असावे, आणि खाली तुझे मराठी वाक्य असावे. अशी पंधरा वाक्ये झाली की मला पाठव. तुझ्या अनुवादाच्या पाचव्या परिच्छेदात कारखान्याला झालेल्या ‘फाइन’चा उल्लेख आहे, तेथे तू ‘दंड’ बरोबर लिहिला आहेस. शेवटच्या परिच्छेदातील ‘फाइन-ट्यूनिंग’ मात्र अजून तसेच देवनागरीत राहिले आहे. यंत्राच्या मोजमापातील बारीक दुरुस्तीविषयी ते वाक्य आहे, एवढे सांगते. शब्द तू शोध.

तुझी हितचिंतक