इटालियन भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीबद्दल सहकाऱ्यांच्या आठवणींत मेणाचा प्रयोग येतो: न्यूट्रॉनच्या माऱ्याने चांदी किरणोत्सारी होते, आणि मध्ये मेण ठेवलं तर कितीतरी जास्त. मेणामुळे चांदीचा किरणोत्सार वाढला कसा?

कारण मेणात हायड्रोजन भरपूर असतो. हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एक प्रोटॉन, आणि न्यूट्रॉन व प्रोटॉनचं वस्तुमान जवळजवळ सारखं, त्यामुळे प्रत्येक टकरीत न्यूट्रॉन सरासरी निम्मी ऊर्जा गमावतो. शिशाच्या अणुकेंद्रकाला धडकला तर जेमतेम दोन टक्के, तेही जास्तीत जास्त. मेणात साधारण वीसेक टकरींत न्यूट्रॉन पुरता मंदावतो. मंद न्यूट्रॉन केंद्रकाजवळ जास्त वेळ रेंगाळतो, म्हणून चांदी त्याला सहज पकडते.

हे रोममध्ये, ऑक्टोबर 1934 मध्ये घडलं. फर्मीचे सहकारी आमाल्डी आणि पोंतेकोर्वो यांना आधी खटकलं ते वेगळंच: लाकडी टेबलावर चांदी जास्त सक्रिय होते, संगमरवरी टेबलावर कमी. फर्मी न्यूट्रॉनचा स्रोत आणि चांदी यांच्या मध्ये शिसं ठेवणार होता, ऐनवेळी त्याने मेण घेतलं. त्याच दिवशी संस्थेमागच्या बागेतल्या हौदात पाण्यानेही तोच परिणाम दिसला.

न्यूट्रॉनसाठी काचेच्या नळीत रेडॉन वायू आणि बेरिलियमची पूड असे. रेडॉनचं अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा वेळ) 3.8 दिवस, म्हणजे नळ्या सारख्या नव्याने भराव्या लागत. गणित्र, म्हणजे किरणोत्सार मोजणारं यंत्र, मुद्दाम दूर ठेवत, नाहीतर नळीचे गॅमा किरणच मोजले जात. पण तयार होणाऱ्या चांदीच्या एका किरणोत्सारी समस्थानिकाचं (त्याच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूचं) अर्धायुष्य फक्त 24 सेकंदांच्या आसपास! म्हणून नमुना हातात घेऊन अख्खा व्हरांडा धावत जायचं. आठवणींतल्या त्या शर्यती गंमत म्हणून नव्हत्या.

युरेनियमवर न्यूट्रॉन मारताना मात्र ते चुकले: विखंडन, म्हणजे केंद्रक फुटणं, त्यांच्या लक्षात आलं नाही. त्याचे नैसर्गिक अल्फा कण अडवायला लावलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने विखंडनाचे तुकडेही अडवले.