परग्रहांचे रंगीत फोटो खरे असतात का? आणि तिथली हवा इथून कशी कळते?

तुम्ही विचारलंत, शेकडो प्रकाशवर्षं दूरच्या ग्रहांची जी देखणी चित्रं मोबाइलवर फिरतात ती खरी असतात का, आणि तिथल्या हवेत अमुक वायू आहे हे शास्त्रज्ञ कशावरून सांगतात.

ढगांचे पट्टे, निळे समुद्र असलेली ती चित्रं चित्रकारांनी काढलेली असतात. मूळ चित्राखाली तसं लिहिलेलंही असतं, पण पुढे पाठवताना ती ओळ गळून पडते. परग्रहांचे, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचे, प्रत्यक्ष टिपलेले फोटो मोजकेच आहेत. २००८ साली जाहीर झालेला एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीच्या ग्रहांचा फोटो शोधून बघा. त्यात ग्रह म्हणजे नुसते ठिपके आहेत.

हवेचा प्रश्न मला जास्त जवळचा. मी नागपुरात शाळेत विज्ञान शिकवतो. दरवर्षी नववीची मुलं बुटाच्या खोक्याला बारीक चीर पाडून, आत जुन्या सीडीचा तुकडा बसवून वर्णपट बघायचं यंत्र करतात. संध्याकाळी मी त्यांना सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली नेतो. आता जिकडेतिकडे एलईडी लागले, त्यामुळे असा खांब हुडकावा लागतो. खोक्यात डोकावलं की रंगांचे पट्टे दिसतात, आणि ऐन पिवळ्याच्या मधोमध एक काळी फट! दिवा पिवळा, आणि पिवळाच रंग खाल्लेला. गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "सर, दिवा आपलाच रंग खाते का जी?" अगदी तसंच होतं. नळीच्या आत तापलेलं सोडियम प्रकाश देतं, कडेची त्यामानानं थंड वाफ नेमका तोच प्रकाश शोषून घेते.

आता एचडी २०९४५८ हा सुमारे १६० प्रकाशवर्षं दूरचा तारा घ्या. त्याचा ग्रह दर साडेतीन दिवसांनी आपल्या आणि त्याच्या मधून जातो, तेव्हा ताऱ्याचा प्रकाश साधारण दीड टक्का घटतो. त्यातला अगदी थोडा प्रकाश ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून आपल्याकडे येतो. हबल दुर्बिणीनं तो मोजला, तर त्याच सोडियमच्या पिवळ्या रंगात घट किंचित जास्त निघाली, दहा हजारांत सुमारे दोन भाग. एवढ्याशा फरकावरून २००१ साली पहिल्यांदा परग्रहाच्या हवेतला एक घटक ओळखला गेला. आमच्या गल्लीतल्या खांबावरची फट आणि ही घट एकाच कारणानं पडते, हे मुलांना सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

जेम्स वेब दुर्बीण हेच काम अवरक्त, म्हणजे लाल रंगाच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात करते. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांची उष्णता एकाच बाजूनं येऊन पडद्यानं अडवता यावी आणि दुर्बीण थंड राहावी म्हणून ती १५ लाख किलोमीटर लांब ठेवली आहे. २०२२ मध्ये तिनं वास्प-३९बी या ग्रहावर कार्बन डायऑक्साइड दाखवला. प्रकाश किती घटला याच्या आलेखात तो ४.३ मायक्रोमीटर तरंगलांबीपाशी टेकाडासारखा उठून दिसतो. चित्रापेक्षा तो आलेख बघा, मोजलेलं ते आहे.

मात्र 'जीवसृष्टी सापडली' असा मथळा आला तर थांबा. के२-१८बी वर मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड असल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. २०२५ मध्ये त्याच ग्रहावर सजीवांशी जोडल्या जाणाऱ्या एका वायूचा दावा झाला, पण इतर गटांनी तीच मोजमापं पुन्हा तपासली तेव्हा त्यांना तो खात्रीनं दिसला नाही.

एचडी २०९४५८ तुम्हालाही बघता येईल. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, साध्या द्विनेत्रीला दिसतो. पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा नक्षत्रांच्या चौकोनाच्या पश्चिमेला आहे, तारानकाशा मात्र हाताशी हवा. ऑक्टोबरच्या शेवटी रात्री आठच्या सुमारास तो नागपूरच्या जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. मान दुखते, म्हणून आम्ही उमरेडच्या बाजूला शेतात सतरंजी टाकून उताणे पडून बघतो.