उपदेशक, शिपाई आणि पेन्शनची फाइल

प्रश्न : जर्मनीहून अमेरिकेत गेलेल्या आणि तिथल्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्या एका ख्रिस्ती उपदेशकाचं चरित्र लिहिते आहे. जहाजांच्या याद्यांत त्याच नावाचे बरेच प्रवासी सापडतात. आपला नेमका कोणता, हे कसं ओळखायचं?

उत्तर : जहाजाच्या याद्या तूर्त बाजूला ठेवा. न्यूयॉर्कला उतरलेल्यांच्या त्या काळच्या नोंदीत नाव, वय, धंदा आणि देश मिळतो, गाव क्वचितच. हँबर्ग बंदराच्या १८५० पासूनच्या याद्यांत गाव असतं, पण माणूस ब्रेमेनहून निघाला असेल तर तिथल्या बहुतेक याद्या नष्ट झाल्या आहेत.

शोध शेवटाकडून सुरू करा, म्हणजे त्याच्या सैनिकी पेन्शनच्या फाइलीपासून. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात या फाइली आहेत. आधी सूचीतलं कार्ड काढा : त्यावर कंपनी (रेजिमेंटमधली तुकडी), रेजिमेंट, अर्जाचा आणि मंजुरीचा क्रमांक असतो, विधवेने अर्ज केला असल्यास तिचंही नाव. सारख्या नावांची गर्दी इथेच पांगते. मागवताना अख्खी फाइल मागवा, निवडक कागद नकोत. कामाची गोष्ट नेमकी वगळलेल्या कागदात निघते.

१८९० च्या कायद्याने ९० दिवसांची सेवा आणि शरीरश्रमाला अडथळा आणणारं व्यंग एवढ्यावर पेन्शन मिळू लागली. व्यंग युद्धातलंच असण्याची अट नव्हती, फक्त ते दुर्व्यसनातून आलेलं नसावं. (उपदेशकाला ही अट जड गेली नसावी.) १९१२ च्या कायद्याने पेन्शन वय आणि सेवाकाळावर ठरू लागली, आणि वयाचा पुरावा म्हणून काहींनी जर्मनीतल्या गावच्या चर्चमधून बाप्तिस्म्याचा दाखला मागवला. असा दाखला फाइलीत सापडला तर गाव हाती आलंच. नसेल तर पेन्शन कार्यालयाचा १९१५ सालचा प्रश्नतक्ता पाहा, त्यात जन्मस्थळ विचारलेलं आहे. अर्जातलं वय वर्षा-दोन वर्षांनी सरकतं. चर्चच्या वहीतली तारीख प्रमाण माना.

नावातही घोळ असतो. बाप्तिस्म्याला ‘योहान हाइनरिश’, घरात नुसता ‘हाइनरिश’, पलटणीच्या हजेरीपटावर ‘हेन्री’. म्युलरचा मिलर, श्मिटचा स्मिथ होतो. शिवाय जुन्या जर्मन हस्ताक्षरात ‘ई’ आणि ‘एन’ जवळजवळ सारखे दिसतात, त्यामुळे आडनाव सूचीत भलत्याच ठिकाणी जातं.

नागरिकत्वाचे ‘पहिले कागद’ (नागरिक होण्याचा इरादा नोंदवणारे) सापडले नाहीत तर घाबरू नका. १८६२ च्या कायद्याने सन्मानाने सेवामुक्त झालेल्या परदेशी सैनिकाला आधी इरादा नोंदवण्याची गरज नव्हती. एक वर्षाचं वास्तव्य पुरे होतं.

प्रश्न : तो सैन्यातही उपदेशकच होता का?

उत्तर : गृहीत धरू नका. युद्ध संपल्यावर उपदेशक झालेले सैनिक पुष्कळ होते, आणि मृत्युलेखात दोन्ही कामं एकाच वाक्यात येतात. पगार पाहा. १८६२ च्या जुलैपासून चॅप्लेनला, म्हणजे सैन्यातल्या धर्मगुरूला, महिना १०० डॉलर मिळत, साध्या शिपायाला तेव्हा १३. चॅप्लेनची नोंद कुठल्या कंपनीत नसून रेजिमेंटच्या अधिकारीवर्गात असते. त्याच जुलैपासून नेमणुकीला धर्मसंस्थेची किंवा त्याच पंथाच्या किमान पाच मान्यताप्राप्त धर्मगुरूंची शिफारस लागे. जर्मन मेथडिस्ट (एक प्रॉटेस्टंट पंथ) असेल तर सिनसिनाटीहून १८३९ पासून निघणारं ‘डेर क्रिस्टलिशे अपोलोगेटे’ हे साप्ताहिक चाळा.

प्रश्न : अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात प्रवचनानंतर झगा काढून आत गणवेश दाखवणारे पीटर म्युलेनबर्ग हेही असेच स्थलांतरित ना?

उत्तर : नाही. १७४२ मध्ये आले ते वडील, हेन्री मेल्खियोर म्युलेनबर्ग. पीटर यांचा जन्म १७४६ चा, पेनसिल्व्हेनियातल्या ट्रॅपचा. ते व्हर्जिनियाच्या आठव्या रेजिमेंटचे कर्नल आणि १७७७ मध्ये ब्रिगेडियर जनरल झाले, हे पक्कं. झग्याची गोष्ट मात्र १८४९ मध्ये त्यांच्याच घराण्यातल्या लेखकाने लिहिलेल्या चरित्रामुळे पसरली, म्हणजे घटनेनंतर सत्तरहून जास्त वर्षांनी. चरित्रात घ्यायची तर आख्यायिका म्हणूनच घ्या.