वाचकांचे प्रश्न : थंडावलेला पॉडकास्ट पुन्हा सुरू करताना

प्रश्न : आम्ही दोघं मित्र झाडीपट्टीतल्या पक्ष्यांवर सहा वर्षांपासून पॉडकास्ट करतो. शंभरावर भाग झाले, पण गेलं वर्षभर काम थंडावलं आहे. जुनं सोडून नव्या नावानं कोरी सुरुवात करावी का?
— एक वाचक, अर्जुनी मोरगाव तालुका

उत्तर : नाव बदला, चित्र बदला, फीड मात्र तीच ठेवा. श्रोत्याचं ॲप दर वेळी एकाच पत्त्यावर जाऊन नवा भाग आलाय का ते बघतं. तो पत्ता म्हणजे तुमची आरएसएस फीड. नवी फीड काढली की जुन्या श्रोत्यांना काहीच कळत नाही, आणि सहा वर्षांत जमवलेली माणसं एका दिवसात जातात. नाव, वर्णन आणि मुखचित्र त्याच फीडमध्ये बदलता येतं. चित्र चौरस, १४०० ते ३००० पिक्सेलचं, जेपीजी किंवा पीएनजी असावं. फोनवर ते नखाएवढं दिसतं, म्हणून त्यावर तीनपेक्षा जास्त शब्द नकोत. जुनं नाव काही महिने वर्णनात राहू द्या. लोक त्याच नावानं शोधतात.

होस्टिंग, म्हणजे भागांच्या फाइली आणि फीड सांभाळणारी सेवा, हीही बदलायची असेल तर क्रम चुकवू नका. आधी नव्या होस्टवर जुनी फीड आयात करा. खात्रीसाठी बहुतेक होस्ट फीडमधल्या ईमेलवर कोड पाठवतात, तेव्हा तो पत्ता चालू आहे ना ते पाहा. मग प्रत्येक भागाचा जीयूआयडी, म्हणजे त्याचा ओळखक्रमांक, जुनाच राहिलाय का ते तपासा. तो बदलला तर सगळे जुने भाग श्रोत्यांच्या फोनवर नवे म्हणून येतात आणि त्यांचा डेटा फुकट जातो. त्यानंतर जुन्या होस्टवर ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्या ॲपला कायमचं नव्या पत्त्याकडे वळवणारा निरोप) लावा. ॲपल तो किमान चार आठवडे ठेवायला सांगतं. आम्ही म्हणू, वर्षभर ठेवा. बहुतेक जण इथेच फसतात. घाईनं जुनं खातं बंद करतात, आणि खात्याबरोबर रीडायरेक्टही जातो.

गुगल पॉडकास्ट्स २०२४मध्ये बंद झालं. वर्णनात त्याची लिंक असेल तर काढा.

प्रश्न : दर आठवड्याला भाग काढणं रोवणीत आणि कापणीत जमत नाही. किती दिवसांनी काढावा?
— तेच वाचक

उत्तर : आठवड्याचा नेम सोडा, पक्ष्यांचं वर्ष धरा. नवेगावबांधसारख्या तलावांवर तलवार बदकं हिवाळ्यात येतात. तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पंधरा दिवसांनी एक, असे आठ भाग करा. पावसाळ्यात दुसरा छोटा हंगाम सारसांचा. राज्यात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदिया-भंडारा पट्ट्यात, आणि त्यांची घरटी धानाच्या बांध्यांतही (बांध घातलेल्या शेतांतही) असतात. म्हणून घरट्याचं गाव, बांधी किंवा बोडी (शेतातलं छोटं तळं) भागात कधीही सांगू नका. बघ्यांची गर्दी झाली तर जोडी घरटं सोडू शकते.

घोषणेपूर्वी तीन भाग तयार हवेत. आधी दोन मिनिटांची झलक टाका, तिचा प्रकार 'ट्रेलर' निवडा आणि पुढच्या भागांना हंगाम क्रमांक २ द्या. फीडचा प्रकार 'एपिसोडिक' ठेवा. 'सीरियल' केला तर नव्या श्रोत्यापुढे सगळ्यात जुना भाग आधी येतो.

प्रश्न : टिनाचं छप्पर, कूलरची घरघर आणि वरून एक बारीक गुणगुण. आवाज स्वच्छ कसा करावा?
— वाचक, लाखांदूर

उत्तर : गुणगुण बहुधा विजेची आहे. घराचं अर्थिंग नीट नसेल तर चार्जरमधून ५० हर्ट्झचा आवाज माइकमध्ये शिरतो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा, बऱ्याचदा तेवढ्यानं तो जातो. नुसता फिल्टर लावून भागत नाही, कारण त्याचेच १०० आणि १५० हर्ट्झचे पडसाद मागे राहतात. डायनॅमिक माइक (आजूबाजूचा गोंगाट कमी पकडणारा) तोंडापासून १०-१५ सेंटीमीटरवर, किंचित तिरपा धरा. ज्या खोलीत धानाची पोती रचलेली आहेत ती निवडा. मोकळ्या भिंतींचा घुमा तिथे बराच कमी होतो. कूलर बंद, पहाटेची वेळ. टिनावर पाऊस पडत असेल तर रेकॉर्डिंग थांबवा. तो आवाज नंतर निघत नाही.

ऑडासिटी या मोफत ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये आधी ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर), मग नॉइज रिडक्शन, म्हणजे गोंगाट कमी करणं. त्यासाठी सुरुवातीला तीन सेकंद गप्प राहून खोलीचा नमुना घेतलेला असावा. ६ डेसिबल पुरे. १२च्या वर गेलात की माणूस पाण्यातून बोलल्यासारखा वाटतो. शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशन -१६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप; मोनोला, म्हणजे एकाच वाहिनीच्या आवाजाला, ड्युअल मोनो मानण्याची खूण चालू ठेवून) आणि -१ डेसिबलवर लिमिटर, म्हणजे त्यावर जाणारा आवाज रोखणारा. पक्ष्यांच्या आवाजाला नॉइज रिडक्शन लावूच नका, बारीक शिट्ट्या गोंगाटाबरोबर पुसल्या जातात. मोनो ६४ केबीपीएसला (सेकंदाला किती डेटा, त्याचं माप) अर्ध्या तासाचा भाग साधारण १४ एमबी होतो, १२८ला दुप्पट. रेंज कमी असलेल्या गावांत हा फरक मोठा आहे.

प्रश्न : सुरुवातीला जुन्या सिनेमाच्या गाण्याची धून वापरली तर चालेल?
— वाचक, साकोली

उत्तर : परवानगीशिवाय नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो. चाल आणि शब्दांचा हक्क वेगळा, तो संबंधितांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गावच्या दंडारीतल्या (इथल्या लोकनाट्यातल्या) ढोलकीवाल्याकडून १५ सेकंदांचा तुकडा वाजवून घ्या, मानधन द्या आणि 'पॉडकास्टमध्ये वापरायला संमती आहे' असं सहीनिशी लिहून घ्या.